खुर्ची मापाची हवी

(कार्यालयीन खुर्चीविषयी अलीकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळच्या सदरात उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण इतर तीन पत्रांतील निम्म्या शंका त्यातच मिटतात.)

प्रश्न : मी प्रतापनगरात राहते आणि गेली तीन वर्षे पुण्याच्या एका कंपनीचे हिशेबाचे काम घरूनच करते. रोज नऊ-दहा तास बसणे होते. सुरुवातीला जेवणाच्या टेबलाची खुर्ची वापरली. कंबर दुखू लागली तेव्हा गेल्या दिवाळीत उंच पाठीची, काळ्या रेक्झिनची, गुबगुबीत ‘बॉस चेअर’ आणली. दुकानात ती गादीसारखी वाटली होती. पण आता दुपारनंतर मांड्या बधिर होतात, खांदे भरून येतात आणि नकळत मी खुर्चीतच मांडी घालून बसते. माझी उंची बरोबर पाच फूट आहे. टेबल सासऱ्यांचे, सागवानी, ३० इंच उंच आणि खाली मधोमध ड्रॉवर असलेले आहे. ते बदलायला घरात कोणी तयार नाही. बारा-तेरा हजारांत कोणती खुर्ची घ्यावी? पाठ जाळीची बरी की फोमची? — एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : किती किमतीत कोणती खुर्ची घ्यावी आणि तिची पाठ कशाची असावी हे आपण विचारले आहे, परंतु आपल्या पत्रातील खरे उपयोगाचे आकडे दोनच आहेत, आपली पाच फूट उंची आणि टेबलाची ३० इंच उंची. या दोन आकड्यांचे आपसांत जमत नाही, आणि त्या भांडणात आपली कंबर व खांदे भरडले जात आहेत. कोणतीही खुर्ची घेण्यापूर्वी ते आधी मिटवावे लागेल.

घरातली शिवणकामाची टेप घ्या. नेहमीच्या सपाता घालून स्टुलावर पाय जमिनीला पूर्ण टेकतील असे बसा आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंतचे अंतर घरातल्या कोणाकडून तरी मोजून घ्या. पाच फूट उंचीच्या व्यक्तीचे हे माप साधारण १५ ते १५.५ इंच भरते. बाजारातील बहुतेक कार्यालयीन खुर्च्यांची बैठक अगदी खाली आणली तरी १७ इंचांच्या आसपास राहते. म्हणजे खुर्ची सर्वांत खालच्या टप्प्यावर असतानाही आपले पाय दीड-दोन इंच अधांतरी राहणार. त्या लोंबत्या पायांचे वजन बैठकीच्या पुढच्या कडेवर, मांडीच्या खालच्या बाजूला येते. तेथील रक्तवाहिन्या आणि नसा दाबल्या जातात आणि मांड्या बधिर होतात. खुर्चीत मांडी घालून बसावेसे वाटणे ही अनेकदा नुसती सवय नसते, पायांना जमीन सापडत नसल्याची ती तक्रार असते.

आता दुसरे माप. खांदे सैल सोडून, कोपर काटकोनात वाकवून बसा आणि बैठकीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजा. आपल्या उंचीला ते आठ इंचांच्या जवळपास असेल. टंकलेखन करताना कोपर टेबलाच्या पातळीला असले पाहिजे. याचा अर्थ ३० इंचांच्या टेबलापुढे आपली बैठक २२ इंचांवर हवी. ती आज १८ इंचांवर असेल, तर कळफलक आपल्याला कोपरापेक्षा चार इंच उंच पडतो आणि दिवसभर आपण खांदे उचलून हिशेब लिहिता. खांदे भरून येतात ते यामुळे. त्यात खुर्चीच्या फोमचा काही दोष नाही.

मार्ग दोनच आहेत. एक म्हणजे टेबल खाली आणणे, आणि दुसरा म्हणजे आपण वर जाऊन पायांखाली आधार घेणे. सागवानी टेबलाचे पाय कापा असे सांगून मी आपल्या घरात वितुष्ट आणणार नाही. म्हणून खुर्ची २१ इंचांपर्यंत, म्हणजे सामान्य गॅस लिफ्ट (बैठक वर-खाली करणारा वायूचा दांडा) जेथवर जाते तेथवर उंच करा आणि पायांखाली साडेपाच-सहा इंचांचा, पुढून किंचित उतरता पाट ठेवा. लकडगंजात लाकूड घेऊन कोणत्याही सुताराकडून दीड फूट रुंद व एक फूट खोल असा पाट करून घेता येतो. दोन्ही पाय ऐसपैस हलतील एवढी रुंदी मात्र सोडू नका. एक अडचण राहते ती ड्रॉवरची. बैठक वर गेली की मांड्या ड्रॉवरच्या तळाला घासू लागतील. मधला ड्रॉवर काढून कपाटात ठेवून द्या. सासऱ्यांचे टेबल शाबूत राहील.

हा पाटाचा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. गेली वीस-बावीस वर्षे मी कार्यालयांची अंतर्गत रचना करतो. सुरुवातीच्या काळात येथील एका कार्यालयासाठी मी एकाच नमुन्याच्या अठरा खुर्च्या निवडल्या. रांगेत मांडल्यावर त्या फार सुंदर दिसत होत्या. तीन महिन्यांनी सहज गेलो, तर सहा टेबलांखाली छपाईच्या कागदाची न उघडलेली रिमे ठेवलेली दिसली, आणि त्यांवर चपला काढून ठेवलेले पाय. कोणीही तक्रार केली नव्हती. ज्या-त्या बाईंनी आपापला प्रश्न पाचशे कागदांच्या गठ्ठ्यावर सोडवला होता. तेव्हापासून मी खुर्ची निवडण्याआधी बसणाऱ्याचे माप घेतो.

चपलेला माप असते, सदऱ्याला असते, मग खुर्चीला का नसावे? अमेरिकेतील हर्मन मिलर कंपनीने १९९४ मध्ये ‘एरॉन’ नावाची जाळीची खुर्ची बाजारात आणली, तेव्हा तिने हा प्रश्न गंभीरपणे घेतला होता. बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक या दोघांनी घडवलेली ती खुर्ची ए, बी आणि सी अशा तीन मापांत मिळते. तिची किंमत आपल्या अंदाजपत्रकाच्या कितीतरी पलीकडे आहे, म्हणून ती घ्या असे मी म्हणत नाही. आपल्या बाजारातील बहुतेक खुर्च्या मात्र एकाच मापात येतात, त्यामुळे मापाचे काम खुर्चीला दिलेल्या हलत्या भागांकडून करून घ्यावे लागते.

त्यांपैकी आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे बैठकीची खोली, म्हणजेच पाठीपासून पुढच्या कडेपर्यंतचे अंतर. ‘बॉस चेअर’ची खोली बहुधा २० इंचांच्या आसपास असते. आपण मागे टेकून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची खळगी यांच्यामध्ये दोन-तीन बोटे सहज जावीत. खोली जास्त असली की दोनच गोष्टी होतात : मागे टेकलात तर कड पोटरीत रुतते, आणि पुढे सरकलात तर पाठीचा आधार सुटतो. आपण बहुधा दुसरे करता, आणि एवढी मोठी गुबगुबीत पाठ दिवसभर रिकामी राहते. बैठक मागे-पुढे सरकवता येणारी खुर्ची मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास १६ इंचांपर्यंत खोलीची आणि पुढची कड धबधब्यासारखी खाली वळलेली खुर्ची पाहा.

कमरेचा आधार, ज्याला दुकानदार लंबर सपोर्ट म्हणतात, तो वर-खाली करता आला पाहिजे. त्याचा फुगवटा साडीचा किंवा सलवारीचा नाडा जेथे बांधतो तेथे, फार तर त्याच्या थोडा वर यावा. पाच फुटी व्यक्तीला एकाच जागी पक्का बसवलेला फुगवटा अनेकदा बरगड्यांपर्यंत पोहोचतो आणि आधार देण्याऐवजी पुढे ढकलतो. खुर्चीच्या हातांचेही तसेच आहे. खाली-वर न होणारे हात टेबलाच्या कडेला अडतात, खुर्ची आत जात नाही, आणि मग माणूस वाकून कामापर्यंत जातो. हात खाली सरकत नसतील, तर बिनहाताची खुर्ची बरी.

पाठ सरळ नव्वद अंशांत ठेवून बसावे, अशी शाळेपासूनची शिकवण आहे. स्वीडनमधील आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात कमरेच्या मणक्यांमधील चकतीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला. आधाराशिवाय बसल्यावर तो उभे असण्यापेक्षा जास्त आणि पुढे वाकून बसल्यावर त्याहूनही जास्त आढळला. पुढच्या अभ्यासांत असे दिसले की पाठ मागे कलती ठेवली आणि कमरेला आधार दिला की हा दाब उतरतो. १९९९ मध्ये जर्मनीत पुन्हा केलेल्या मोजणीत सैल बसण्याचा दाब उभे असतानाच्या दाबाएवढा किंवा थोडा कमीच निघाला. पण ती मोजणी एकाच माणसावर झालेली होती. यांतून मी एवढेच घेतो की दिवसभर ताठ बसण्याचा अट्टहास नको. पाठ १०० ते ११० अंशांपर्यंत कलती असू द्यावी आणि ती अधूनमधून हलवावी.

हलवण्यासाठी खुर्चीखालची यंत्रणा चांगली हवी. साध्या ‘पुश बॅक’ खुर्चीत मागे रेलले की बैठक आणि पाठ एकदमच कलतात, पुढची कड उचलली जाते आणि पाय पुन्हा अधांतरी होतात. सिंक्रो यंत्रणेत बैठक एक अंश कलते तेव्हा पाठ साधारण दोन अंश कलते, त्यामुळे पाय पाटावरच राहतात. दुकानदाराला ‘सिंक्रो आहे का’ असे विचारा. परंतु त्याच्या होकारावर न थांबता स्वतः रेलून पाहा.

जाळी की फोम, या प्रश्नाचे उत्तर नागपुरात तरी अवघड नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा रेक्झिनच्या पाठीला टेकलेला माणूस अर्ध्या तासात तिला चिकटतो. शिवाय घाम, उष्णता आणि डोक्याचे खोबरेल तेल यांनी रेक्झिनचा वरचा थर सुटतो आणि दोन-तीन उन्हाळ्यांनंतर त्याचे काळे पापुद्रे सदऱ्याच्या पाठीवर दिसू लागतात. पाठ जाळीची घ्या, बैठक मात्र फोमची. स्वस्त जाळीची बैठक काही महिन्यांत मधोमध सैल पडते आणि बाजूची कडक चौकट मांड्यांना लागते. फोम साच्यात ओतून केलेला असावा. लादीतून कापलेला हलका फोम लवकर दबतो. एक गोष्ट मात्र सांभाळा : कूलर पाठीमागच्या खिडकीत असेल तर जाळीतून त्याची ओली हवा थेट पाठीवर येते आणि संध्याकाळी मान आखडते. खुर्ची बदलण्याइतकेच कूलरची दिशा बदलणेही कधीकधी कामाला येते.

दुकानात जाताना टेप आणि रोजच्या सपाता घेऊन जा. अंगठ्याने फोम दाबून काही कळत नाही. वीस मिनिटे बसा, मोबाइलवर हिशेब करा, दुकानदार चहा मागवील तो प्या आणि मगच बोला. आपण सांगितलेल्या रकमेत उंची बदलणारे हात, सरकता कमरेचा आधार आणि सिंक्रो यंत्रणा हे तिन्ही मिळू शकते. त्यासाठी डोके टेकायची उशी आणि चकचकीत पायांचा मोह सोडावा लागेल. घरी विट्रिफाइड टाइल्स किंवा कोटा फरशी असेल, तर कडक नायलॉनऐवजी मऊ पीयूची (पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लॅस्टिकची) चाके मागा.

बधिरपणा उठून चालल्यावरही जात नसेल किंवा कळ कमरेतून पायात उतरत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. खुर्चीची खरेदी आठवडाभर थांबू शकते.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. महालातील अभ्यासिकेत दिवसाला दहा तास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतो. खुर्ची बदलणे माझ्या हातात नाही. महिन्याला शंभर-दोनशे रुपयांपेक्षा जास्त खर्चही शक्य नाही. काय करावे? — एक विद्यार्थी

उत्तर : प्लॅस्टिकच्या खुर्चीचे दोन दोष असतात. तिची बैठक मागे उतरती असते, म्हणून कंबर मागे घसरून गोल होते. आणि तिची पाठ कमरेपाशी नेमकी पोकळ असते. घरातला जुना पंचा घट्ट गुंडाळून त्याला दोन ठिकाणी दोरी बांधा आणि ती वळकटी पट्ट्याच्या उंचीवर कमरेमागे ठेवा. मनगटापेक्षा जाड वळकटी करू नका. बैठकीच्या मागच्या अर्ध्या भागावर घडी केलेली सतरंजी किंवा चादर टाकली की उतार भरून निघतो. मऊ, जाड उशी टाळा. तीत माणूस रुततो आणि कंबर पुन्हा गोल होते.

तुमची मान दुखत असेल तर त्याला खुर्चीपेक्षा पुस्तक अधिक जबाबदार आहे. सपाट टेबलावरचे पुस्तक वाचताना मान तासन्‌तास खाली असते. आजी पोथी वाचायला जे घडीचे लाकडी स्टँड वापरतात, त्यावर पुस्तक ठेवा. आणि दर अर्ध्या तासाने पाणी प्यायला उठा. बाटली टेबलावर भरून ठेवण्याऐवजी अभ्यासिकेच्या माठापर्यंत जा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांनी बसण्याचा वेळ कमी करावा आणि आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा असे म्हटले आहे. घरून अभ्यासिकेपर्यंत पायी येणे-जाणे होत असेल, तर त्यातला बराच भाग तुम्ही आधीच पूर्ण करता.

प्रश्न : मी वकील आहे. उंची सहा फूट एक इंच, वजन १०४ किलो. दोन वर्षांत तिसरी खुर्ची बसल्या-बसल्या खाली जाऊ लागली आहे. दुकानदार म्हणतो, ‘बिफ्मा सर्टिफाइड’ आहे. खालचा सिलिंडर फुटतो असेही ऐकले. खुर्चीवर नेहमी पांढरा टॉवेल असतो, त्याचा काही संबंध आहे का? — एक वाचक, सिव्हिल लाइन्स

उत्तर : टॉवेलचा खुर्ची खाली जाण्याशी काही संबंध नाही, परंतु त्याविषयी शेवटी लिहितो.

खुर्चीच्या दांड्यात दाबाखाली भरलेला नायट्रोजन असतो. खटका ओढला की झडप उघडते आणि वायूच्या जोरावर बैठक वर येते. आतील सील झिजले की वायू हळूहळू निसटतो, आणि उलटतपासणीच्या तयारीत मग्न असलेला माणूस इंचा-इंचाने खाली जातो. सिलिंडर फुटण्याचे प्रसंग अत्यंत विरळ आहेत. मात्र तो उघडणे, तापवणे किंवा त्याला भोक पाडणे धोक्याचे आहे. खुर्ची टाकून देण्याची गरज नाही. सिलिंडर स्क्रूने बसवलेला नसतो, निमुळत्या खाचेत दाबून बसवलेला असतो. खुर्चीदुरुस्ती करणारा कारागीर पाइप पाना आणि रबरी हातोड्याने तो काढून नवा बसवतो. नवा घेताना चौथ्या वर्गाचा मागा. वर्ग वाढतो तशी नळीची भिंत जाड होत जाते.

बिफ्मा ही अमेरिकेतील फर्निचर उत्पादकांची संघटना आहे. तिचे एक्स ५.१ हे मानक खुर्चीची मजबुती आणि सुरक्षितता तपासते. ती आपल्या पाठीला सोयीची आहे की नाही, याविषयी ते काही सांगत नाही. शिवाय अनेकदा तपासलेला असतो तो फक्त सिलिंडर किंवा खालचा पंचपायी सांगाडा, आणि शिक्का मात्र सगळ्या खुर्चीवर मिरवतो. ‘पूर्ण खुर्चीचा चाचणी अहवाल दाखवा’ असे आपण म्हटले की दुकानातला उत्साह किती टिकतो ते पाहा. वकिलाला हे शिकवायला नको. १०४ किलो वजनाला किमान १२५ किलोची लेखी हमी, धातूचा सांगाडा आणि १९ इंचांच्या आसपास खोली असलेली बैठक घ्या. उभ्याने धपकन अंग टाकणे आणि बाजूची फाइल घ्यायला एका हातावर सगळा भार देऊन झुकणे या दोन सवयींनी सिलिंडर वेळेआधी जातो; फाइलींची मांडणी फिरत्या खुर्चीच्या समोर येईल अशी करा.

आता टॉवेल. घाम टिपायला तो ठीक आहे, पण तो घसरतो आणि त्याच्याबरोबर माणूसही कडेकडे घसरतो. जाळीच्या पाठीवर टाकला तर जाळीचे पैसे वाया जातात. मोठ्या हुद्द्याची ओळख म्हणून तो ठेवायचाच असेल, तर पाठीच्या वरच्या काठावर घडी करून ठेवावा.

प्रश्न : मुलगा मिहानमधील कंपनीत संगणकाचे काम करतो आणि घरी ‘गेमिंग चेअर’ घ्या म्हणतो. ती चांगली असते का? — एक पालक, मनीषनगर

उत्तर : तिचा आकार शर्यतीच्या मोटारीतील आसनावरून घेतलेला आहे. दोन्ही बाजूंचे उंच कठडे वळणावर शरीर धरून ठेवण्यासाठी असतात; घरातल्या टेबलापुढे अशी वळणे येत नाहीत, आणि ते कठडे मांड्या व खांदे आत दाबतात. त्यावर बहुधा रेक्झिनच असते, म्हणजे मे महिन्याचा प्रश्न राहतोच. त्याच पैशांत जाळीच्या पाठीची साधी कार्यालयीन खुर्ची अधिक उपयोगी पडेल. तरीही त्याचा आग्रह असेल, तर त्यालाच दुकानात नेऊन वीस मिनिटे तीत बसवा, पंखा बंद करून.